बाबांचा देव आणि एकच कॉलेज

पहिल्या वर्षी मी दातांच्या डॉक्टरकीसाठी एकाच कॉलेजला अर्ज केला. अख्ख्या देशात कॉलेजांना तोटा नाही, शहाणी पोरं दहा-पंधरा ठिकाणी अर्ज टाकतात, आणि मी एका ठिकाणी. कारण बाबांनी माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून आशीर्वाद दिला आणि त्या आशीर्वादात देवाने त्यांच्या तोंडून कॉलेजचं नाव सांगितलं. ते नेमकं बाबांचंच जुनं कॉलेज निघालं. देवाला दुसरं ठाऊक नसावं.

आमच्यात घरचा कर्ता पुरुष असा आशीर्वाद देतो, आणि एकदा नाव आलं की दुसरीकडे अर्ज करणं म्हणजे देवावर अविश्वास. शिवाय आमच्या चर्चची सगळी मंडळी माझ्यासाठी उपाशी राहिली. महिन्याचा पहिला रविवार तसाही उपासाचाच असतो, त्यामुळे कुणाला वेगळी तोशीस पडली नाही. संध्याकाळी चीज घातलेल्या बटाट्यांवर सगळे असे तुटून पडले की माझी आठवण कुणाला राहिली असेल असं वाटत नाही.

कॉलेजने मुलाखतीलाही बोलावलं नाही.

मग सांत्वनाला ऊत आला. आमच्या स्पॅनिश फोर्क गावात दर तिसऱ्या घरात दातांचा डॉक्टर, आणि उरलेल्या दोन घरांत त्यांना सल्ला देणारे. आमच्या चर्चमध्ये प्रत्येक बाईला सिस्टर म्हणतात; त्यांतल्या सिस्टर थोर्ली ॲपल पाय भाजून घेऊन आल्या.

"ब्रिन, बाई, रडू नकोस गं. देवाची तुझ्यासाठी वेगळीच योजना असेल."

त्या योजनेचं नाव डॅलिन. त्यांचा भाचा. उन्हाळ्यात दारोदार झुरळांचं औषध विकतो आणि स्वतःला उद्योजक म्हणवतो. मी ॲपल पाय ठेवून घेतला आणि भाचा परत केला.

बाबा म्हणाले, "आशीर्वाद चुकत नसतो. श्रद्धा कमी पडते." कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

सगळ्यांत कळस केला माझ्या मेव्हण्याने. कोल्बी, माझ्या बहिणीचा नवरा, पहिल्या फटक्यात दातांच्या कॉलेजात गेलेला. त्याचे गुण माझ्याहून कमी. पण त्याचा बाप टायर विकतो, त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवताना कुठल्याच कॉलेजचं नाव घेतलं नाही, म्हणून हा गडी दहा ठिकाणी अर्ज करून मोकळा झाला. तो सोफ्यावर पसरून मला म्हणाला, "तू फक्त स्वतःसारखी राहा ना. माझं तसंच झालं." हा स्वतःसारखा राहिला आणि तरीही कुणी घेतला, हे त्या कॉलेजचं दुर्दैव.

बाबांचा दवाखाना पुढे कोल्बीला जाणार, हे घरात कुणी बोललं नव्हतं पण भिंतींनाही माहीत होतं. मी त्याच दवाखान्यात मदतनीस. रुग्णाच्या तोंडातली थुंकी ओढणारी नळी धरायची. यंदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा प्रयत्न करायचा नाही, असं मी ठरवलं होतं. म्हणजे आज बाबांसाठी नळी धरायची आणि उद्या कोल्बीसाठी.  त्याचीच भीती होती मला, दुसरं काही नाही.

दुसऱ्या वर्षी मी गुपचूप चौदा ठिकाणी अर्ज केले. बाबा नेहमीप्रमाणे आले, म्हणाले, "बस खुर्चीवर, बाळा." मी बसले. त्यांनी हात ठेवले, आवाज जड केला, आणि देवाने पुन्हा तेच कॉलेज सांगितलं. त्याच कॉलेजचा नकार सगळ्यांत आधी आला. मी तो दडवला. बाबा वाट बघत राहिले.

मुलाखतीला एकाच ठिकाणाहून बोलावणं आलं. पेनसिल्व्हेनियातलं एक जुनं कॉलेज. बाबांना सांगितलं, मैत्रिणीचं लग्न आहे. समोर दोघे प्राध्यापक, एक बाई आणि एक बो टाय लावलेले म्हातारे. म्हाताऱ्यांनी माझा अर्ज चाळला.

"गेल्या वर्षी एकच कॉलेज? इतका आत्मविश्वास?"

पैशांची अडचण होती, असं उत्तर मी घोकून नेलं होतं. पण तोंडातून खरं निघालं. "वडिलांनी प्रार्थना केली, त्यात तेच नाव आलं. मी विश्वास ठेवला."

म्हातारा खुर्चीत मागे रेलून गालात हसला. "अरे वा! आणि यंदा देवाने आमचं नाव घेतलं वाटतं?"

बाईही हसल्या. मीही हसून घ्यायला हवं होतं. बाबांची नक्कल मला छान जमते, दोन मिनिटांत दोघांना लोळवलं असतं आणि जागा खिशात घातली असती. पण माझं डोकंच फिरलं. हा कोण टिकोजीराव?

"नाही सर," मी म्हटलं, "त्याने पुन्हा तेच नाव घेतलं. माझे वडील हट्टी आहेत, आणि कधीकधी मूर्खपणा करतात. पण त्यांना हसायचं असेल तर मी हसेन. तुमची आणि त्यांची ओळख नाही."

पुढचे प्रश्न कोरडे झाले. विमानात मी स्वतःला शिव्या घातल्या. ज्या माणसाने माझं एक वर्ष मातीत घातलं, त्याच्यासाठी मी दुसरंही घातलं होतं.

डिसेंबरात फोन आला. जागा मिळाली होती. फोनवर तोच म्हातारा. "तुमच्या वडिलांना आमचा नमस्कार सांगा," म्हणाला. मी सांगितला नाही.

बाबांना सगळं एकदम सांगितलं, चौदा अर्जांसकट.  मला वाटलं, आता तरी म्हणतील की पोरी, माझं चुकलं.

"पेनसिल्व्हेनिया?" ते म्हणाले. "तिथे आपली मंडळी आहेत का?" आणि आमच्या चर्चच्या प्रमुखांना, बिशपना, फोन लावायला उठले.

उपासाच्या रविवारी चर्चमध्ये कुणीही उठून देवाचा आपला अनुभव सांगतो; जानेवारीच्या त्या रविवारी बाबा सर्वांत आधी उठले. माईक धरला. "बंधूंनो, भगिनींनो, आपण गेल्या वर्षी ब्रिनसाठी उपास केला. प्रभूने उत्तर द्यायला एक वर्ष घेतलं. त्याच्या मनात पहिल्यापासून पेनसिल्व्हेनियाच होतं." सिस्टर थोर्लींनी रुमाल काढला. कोल्बी मान डोलावत होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की कावळ्याला स्वतःच्या वजनाचा गर्व होतो. बाबा नावाचा कावळा तर त्या झाडावर बसलाच नव्हता.

मी उठले. बाबा खाली येत होते, मी वर जात होते. लोकांनी आणखी रुमाल काढले.

"मी चौदा ठिकाणी अर्ज केले," मी माईकवर म्हटलं. "बाराजणांनी नाही म्हटलं, एकाने अजून काहीच कळवलेलं नाही, एकाने हो म्हटलं. आशीर्वादात ज्या कॉलेजचं नाव आलं, ते बारांतलं पहिलं. वडिलांचं ऐकलं असतं तर मी जन्मभर इथेच नळी धरून बसले असते. आमेन."

आमच्याकडे माईकवरून काहीही बोला, शेवटी आमेन म्हटलं की खालचे सगळे आमेन म्हणतात. तोंडाला सवयच झालेली असते. सगळ्यांनी म्हटलं. सिस्टर थोर्लींनी रुमालातून म्हटलं.

सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. ते डोळे पुसत होते, शेजारच्याला सांगत होते, "माझी पोरगी." त्यांनी एक शब्दही ऐकला नव्हता.