सोबत ओळखायचं यंत्र माझ्यात नाही

मित्रांनो, सुरुवातीलाच एक खुलासा करते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी दार नाही. दार उघडतं, लागतं, प्रसंगी एखाद्याच्या तोंडावर आपटतं. त्याला काही मान असतो. मी एक जुनी चौकट आहे, नुसतीच. दोन पाय, वर एक आडवी पट्टी आणि मध्ये मोकळी जागा. माझ्याखालून जाणाऱ्याजवळ धातूचं काही असलं, की मी वाजते. तेवढंच मला येतं. लोक मला मेटल डिटेक्टर म्हणतात. म्हणजे तसं कुणी काही म्हणत नाही, खालून निघून जातात.

माझा जन्म नोएडातल्या एका शेडमध्ये झाला. तिथल्या इंजिनिअरने मला पहिल्यांदा चालू केलं आणि खिशात किल्ली ठेवून माझ्याखालून गेला. मी वाजले. तो इतका खूश झाला की नुसता येरझाऱ्या घालत राहिला. एवढं मनापासून माझं पुढे कुणी ऐकलं नाही.

पहिली नेमणूक एका सरकारी इमारतीत झाली. ते माझे वैभवाचे दिवस. लोक पट्टे काढत, खिसे उलटे करत, हात वर करून येत. एका गृहस्थांनी तर घाबरून चष्माही काढला आणि सरळ समोरच्या खांबावर जाऊन आदळले. मग तिथे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी या मॉलच्या दाराशी झाली. पानिपतकडून येणारा हायवे दिल्लीत शिरतो, तिथेच जवळ.

इथे प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, म्हणून मी प्रत्येकाला वाजते. आणि मी प्रत्येकाला वाजते, म्हणून गार्ड प्रत्येकाला "चलिए, चलिए" म्हणतो. मी आजवर एकदाही खोटं वाजले नाही आणि एकदाही कुणी वळून पाहिलं नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मला अजून समजलेलं नाही.

समजत नाही अशा गोष्टी गेल्या हिवाळ्यापासून वाढल्या आहेत.

झालं असं, की काही मुलांनी सरकत्या जिन्यावर उलटं धावत रील्स केल्या. एक मुलगा पडला, एका बाईंच्या हातातली पाणीपुरी उडाली आणि मॉलच्या साहेबांची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी माझ्या डाव्या पायाला एक पाटी चिकटली: अठरा वर्षांखालील व्यक्तींना मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही.

पाटी माझ्याच पायाला, त्यामुळे मुलं माझ्याकडे रागाने बघू लागली. मित्रांनो, माझा काय दोष? मला लोखंड कळतं, पितळ कळतं. वय कशाचं बनलेलं असतं? आणि सोबत? सोबत ओळखायचं यंत्र माझ्यात कुणी बसवलंच नाही. मी आपली नुसत्या निरीक्षणाने शिकायचा प्रयत्न केला. एकदा चौघांचं कुटुंब आलं. चौघं चार फोनांत. आई डावीकडे वळली, वडील उजवीकडे गेले, मुलगा जिन्याने वर. पाटीच्या हिशेबाने ते सोबत होते. मग दोन मैत्रिणी आल्या, एकाच स्वेटरच्या खिशात दोघींचे हात. त्या एकट्या होत्या. त्यांना परत पाठवलं. मी त्या दिवशी अभ्यास सोडून दिला.

आता कादंबरी नावाच्या मुलीबद्दल सांगते. कादंबरी दहावीत आहे. तिचे वडील केंद्र सरकारात नोकरीला, सारखे दौऱ्यावर. आईही सरकारी ऑफिसात. घरी आजोबा, त्यांना सगळे काकासाहेब म्हणतात. आजोबांची तब्येत ठणठणीत, पण आठवण मधेच हातातून सुटते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि हिवाळ्यातल्या दिल्लीची हवा छातीत घेऊ नका असंही सांगितलंय. या दोन्ही आज्ञा एकदम पाळायच्या तर मॉलच उरतो. म्हणून रोज शाळा सुटली, की कादंबरी आजोबांचा हात धरून येते, तळमजल्यावर फेऱ्या मारते आणि घेऊन जाते. घरी सुनेचा सक्त नियम आहे: आजोबांनी एकट्याने उंबरा ओलांडायचा नाही.

म्हणजे बघा. घरच्या नियमाने आजोबा नातीशिवाय बाहेर पडू शकत नाहीत आणि मॉलच्या नियमाने नात आजोबांशिवाय आत येऊ शकत नाही. कोण कुणाला घेऊन येतं, हे मी रोज बघायची आणि रोज माझं उत्तर बदलायचं.

त्यात इथली एक पद्धत आहे. पुरुष माझ्याखालून जातात. बायकामुलींची तपासणी शेजारच्या पडद्यामागे होते. म्हणजे सोबत आलेल्यांना आधी वेगळं करतात आणि मग पलीकडे विचारतात, तुमच्या सोबत कोण आहे? जुन्या गार्डला ही जोडी ठाऊक होती. आजोबा माझ्याखालून येऊन समोरच्या मोठ्या कुंडीपाशी थांबत, कादंबरी पडद्यातून येऊन त्यांचा हात धरी, आणि तो गार्ड नुसती मान हलवी. पण संक्रांतीच्या आठवड्यात त्याची बदली पार्किंगमध्ये झाली आणि सतबीर आला. हरियाणातल्या झज्जरचा, नवा, प्रामाणिक. संक्रांतीच्या आदल्याच दिवशी, नुकती मिशी फुटलेल्या एका मुलाला मोठा समजून आत सोडल्याबद्दल साहेबांनी त्याला झापलं होतं.

संक्रांतीच्या दिवशी बाहेर धुकं मी म्हणत होतं. आजोबांच्या हातात स्टीलचा डबा होता, तिळगुळाचा. मी कडकडून वाजले. "चलिए, चलिए," सतबीर म्हणाला.

आजोबा कुंडीपाशी थांबले. पण हातात तिळगूळ आणि समोर एवढी माणसं! त्यांनी आधी कुंडीशेजारच्या माणसाला वडी दिली, मग त्याच्या पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. असे वाटत वाटत ते गर्दीत दिसेनासे झाले.

कादंबरी पडद्यातून बाहेर आली. कुंडी होती, आजोबा नव्हते.

"रुको. किसके साथ हो?" सतबीरने दोरी आडवी धरली.

"दादाजी के साथ. अभी अंदर गए हैं, भैया."

"तो बुला लो."

"फोन नहीं रखते. भूल जाते हैं सब. प्लीज, मुझे जाने दो, वो कहीं निकल गए तो घर का पता भी नहीं बता पाएँगे!"

"किसी बड़े को साथ ले आओ, फिर जाओ."

"अरे, बड़े को ही तो लेने जाना है!"

सतबीर विचारात पडला. माणूस वाईट नव्हता. "बात तो तेरी ठीक सै," तो म्हणाला आणि त्याने माझ्या पायावरच्या पाटीकडे बघितलं. मीही बघितलं. पाटीवर अपवाद काही लिहिलेला नव्हता. मग त्याने वॉकीटॉकी काढला. "सर, एक बुजुर्ग अकेले घूम रहे हैं अंदर."

"बुजुर्ग अकेले अलाउड हैं," वॉकीटॉकी म्हणाला आणि बंद पडला.

कादंबरीने आईला फोन लावला. आई मीटिंगमध्ये. वडिलांना लावला, तो लागलाच नाही. ती दोरीच्या बाहेर उभी राहून टाचा उंचावून आत बघत होती. डोळे भरले होते, पण पुसायलाही ती नजर हटवत नव्हती. मित्रांनो, मला त्या वेळी फार वाटलं की आपण वाजावं. तिच्या हातात फोन होता, पण मी वाजायला तिने माझ्या मधे यायला हवं होतं.

तेवढ्यात एक बस थांबली. पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला वंदन करून परतणारी मंडळी. नऊवारीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, पुरुषांच्या डोक्याला कानटोप्या. सगळ्यांना बाथरूमची घाई. पुढे होत्या प्रभावतीबाई, साताऱ्याकडच्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मागे वळून विचारलं, "अगं, इथं चपला काढायच्या का?"

मराठी कानावर पडताच कादंबरी धावली. "मावशी! मला आत न्या ना. आजोबा आत खो गेलेत. म्हणजे, सापडत नाहीयेत. मला एकटीला सोडत नाहीत."

प्रभावतीबाईंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. तिचा हात धरला. "चल."

"ये आपकी कौन है?" सतबीर.

"मेरी भाची है."

"भांजी? और दादाजी जो अंदर हैं?"

"वो हमारे काका."

"बच्ची का नाम क्या है?"

प्रभावतीबाई क्षणभर अडल्या. "घर में हम बाळ बोलते हैं," त्या ठासून म्हणाल्या. "लहान था तब से."

सतबीरला नातं पटलं की नाही, ठाऊक नाही, पण मोठं माणूस सोबत आहे एवढं त्याला दिसलं. त्याने दोरी खाली केली. दोघी आत पळाल्या. ज्या बाईला मुलीचं नावही ठाऊक नव्हतं, ती सोबत ठरली. मी पुन्हा गोंधळले. पण या खेपेस तो गोंधळ मला आवडला.

आणि आता ऐका. सतबीर बसमधल्या मंडळींच्या पिशव्या तपासत होता. माझ्याकडे त्याची पाठ होती. आतून आजोबा आले. डबा रिकामा, चेहरा कावराबावरा. ते नातीला शोधत होते आणि आत नाही म्हणजे बाहेर असेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. बाहेर धुकं, धुक्यापलीकडे हायवे. ते उलट्या दिशेने माझ्याखाली शिरले.

मी वाजले. पहिल्या दिवशी त्या इंजिनिअरसाठी वाजले होते तशी वाजले.

"चलि..." सतबीरच्या तोंडून सवयीने निघालं. मग त्याला वाटलं असेल, आत येणारी रांग तर समोर आहे, मग वाजलं कुणासाठी? माझ्या सबंध आयुष्यात कुणी केलं नाही ते त्याने केलं. तो वळला. आणि त्याने आजोबांचा दंड धरला.

"ताऊजी, अकेले कहाँ?"

"मुझे अकेले अलाउड नहीं है," आजोबा म्हणाले. "मैं पोती के साथ हूँ."

"पोती तो बोली, वो आपके साथ है."

आजोबांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "याद तो सब उसी को रहता है," ते म्हणाले. "मैं तो सिर्फ बड़ा हूँ."

सतबीरने पाटीकडे बघितलं. मग स्वतःची खुर्ची ओढून आजोबांना बसवलं आणि दुसऱ्या हाताने पिशव्या तपासताना एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. वॉकीटॉकीवर दोनदा ओरडून त्याने आतल्यांना बच्ची शोधायला लावलं. थोड्या वेळाने कादंबरी धापा टाकत आली.

"आजोबा! कुंडीपाशी थांबायचं सांगितलं होतं ना!"

"मी थांबलो होतो," आजोबा म्हणाले. "तूच आली नाहीस." आणि डबा उघडून तळाशी चिकटलेली एक वडी त्यांनी नखाने सोडवली. "तुझ्यासाठी ठेवलीये."

तिने ती अर्धी केली आणि अर्धी सतबीरला दिली. प्रभावतीबाई तोवर बाथरूम शोधायला गेल्या होत्या.

पाटी अजून माझ्या पायाला आहे. सतबीर आजोबांना पडद्यापाशीच थांबवतो आणि नात बाहेर आली, की दोघांना एकदमच पुढे सोडतो. आत घेताना तो विचारत नाही, कोण कुणाच्या सोबत. मीही आता विचारत नाही.

मित्रांनो, मी जुनी झाले आहे. कधी तरी मला भंगारात काढतील. तोवर तुमच्याकडे एवढंच मागणं. मी वाजले, की एकदा थांबा आणि मागे वळून बघा. बहुतेक वेळा डबाच असेल. पण तो कुणाच्या हातात आहे, तेवढं बघा.