लाल दोऱ्याचा टाका

दखीलनं आईला दंडाला धरून लालिशच्या मंदिराचा उंबरा ओलांडून दिला. उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो. आईनं, बासे म्हातारीनं, वाकून उंबऱ्याला ओठ टेकवले आणि अनवाणी पावलांनी, ओल्या फरशीवरून, ती ओवरीकडे निघाली.

ओवरीत अस्मार परातीशी बसून माती मळत होती. पांढरी लोकरी वस्त्रं, लग्न न करता इथल्याच सेवेत पिकलेले केस.

"बासे, आहेस होय अजून?"

"मरणाला माझा तंबू सापडत नाही गं. निर्वासितांच्या छावणीत दरसाल नंबर बदलतात."

दोघी हसल्या. दखीलची नजर अस्मारच्या बोटांवर होती. इथली माती, पांढऱ्या झऱ्याचं पाणी. बोटांत फिरता फिरता हरभऱ्याएवढी गोळी होत होती. बेरात. यझिदी धर्माचा माणूस ती जन्मभर जपतो, आणि मरताना ती त्याच्या ओठांआड ठेवतात.

"हाच ना तुझा लेक? बापाचं सगळं यानंच केलं म्हणे, सिंजारच्या डोंगरावर."

"यानंच. मी पाणी शोधायला उतरले होते, तेवढ्यात हाजो गेला."

"तोंडात बेरात होती ना? मग नशीबवान. त्या आठवड्यात कितीजण तसेच गेले."

दखीलचा हात बंडीच्या गळ्याकडे गेला आणि चटका बसावा तसा खाली आला.

सात वर्षं झाली. बंदूकवाले गावात घुसले तेव्हा डोंगराकडे पळताना घरातली एकच बेरात हाती लागली होती. आईनं ती लाल दोऱ्यानं त्याच्या बंडीत शिवली, म्हणाली, "म्हाताऱ्याचं काही खरं नाही. जवळ असू दे." डोंगरावर तिसऱ्या दिवशी, शेवटच्या घटकेला, बापानं आपणहून तोंड उघडलं, पाखराच्या पिलासारखं. खाली गोळ्या वाजत होत्या. दखीलला वाटलं, संध्याकाळपर्यंत आपलाही नंबर. मग माझ्या तोंडात कोण काय ठेवणार? बंडीला हात न लावता त्यानं पायाजवळची चिमूटभर माती उचलली, कोरड्या तोंडातली थुंकी कशीबशी जमवली, गोळी वळली. बापानं ओठ मिटले. समाधानानं मिटले. तेच त्याला विसरता येत नव्हतं.

"किती देऊ?" अस्मारनं विचारलं.

"दोन दे," बासे म्हणाली. "एक माझी, एक याची."

"याच्याकडे नाही?"

"आहे. ती त्याच्या बापाची आहे."

परातीतला हात थांबला. दखीलनं मान वर केली नाही.

"आई…"

"सात वर्षं तुझी बंडी मी धुते, लेका. टाका माझाच आहे, उसवलेला नाही." तिनं ओल्या गोळ्या ओढणीच्या टोकाला अलगद बांधल्या. "तू सांगशील म्हणून थांबले होते. आता पाय थकले, आणखी थांबवत नाही. परवा डोंगरावर जाऊ, त्याची त्याला देऊन येऊ. जागा तुलाच ठाऊक आहे."

परतताना उंबऱ्याशी आधार द्यायला त्यानं हात पुढं केला. बासेनंच तो हात आपल्या हातात घेतला.

या खेपेला उंबरा तिनं त्याला ओलांडून दिला.