खोक्यावरचे हात

"नेपोलियन बुटका होता, एवढं तरी राहू दे," मास्तर म्हणाले.

"कशावरून?"

"अगं, सगळं जग म्हणतं."

"सगळं जग एकमेकांचं ऐकून म्हणतं. त्या काळाच्या मानाने तो मध्यम उंचीचा होता." तिने प्रश्नावर सरळ काट मारली.

टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेसाठी मास्तर प्रश्न काढत आणि ती ते तपासत असे. चाळीस वर्षं शाळेत प्रश्न विचारून झाल्यावरही मास्तरांची हौस फिटली नव्हती. तिचं रसायनशास्त्राचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि या नोकरीत तिला प्रयोगशाळेइतकीच मजा येत होती. नियम साधा होता: प्रत्येक उत्तराला दोन साक्षी हव्यात, आणि एकीने दुसरीचं ऐकलेलं नसावं. त्या नियमापायी ऑफिसात तिचं नावच 'कशावरून' पडलं होतं. चहा देणारासुद्धा म्हणायचा, "कशावरूनताई, साखर आहे, चमच्यावरून."

"बरं, हा घे," मास्तर पुढचा कागद सरकवत म्हणाले. "धुण्याच्या पावडरीच्या निळ्या खोक्यावर पांढरा सदरा धरलेले हात कुणाचे? उत्तर, जुन्या सिनेमातली ती नटी. घरोघरी माहीत आहे. याला तू हात लावू नकोस."

"नटीचे नाहीत. माझ्या मावशीचे आहेत."

मास्तरांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा चढवला. कितीतरी दिवसांनी त्यांना अशी संधी मिळाली होती.

"कशावरून?"

"मावशीच सांगते. लहानपणापासून ऐकतेय मी."

"एक साक्ष झाली," मास्तर म्हणाले. "दुसरी आण. मिळाली तर शेवटच्या फेरीत घेऊ. नटी म्हणणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील."

त्यानंतर तिने आजवर कधी न केलेली गोष्ट केली. तपासणीआधीच बोलून मोकळी झाली. संध्याकाळी मावशीला फोन करून म्हणाली, "पुढच्या कार्यक्रमात तुझे हात येणार, बघ." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मावशीच्या इमारतीतल्या तिन्ही मजल्यांना ते कळलं होतं.

पुरावाही आधी मनासारखाच येत गेला. नटीची गोष्ट एका मासिकात होती आणि एका पुस्तकात. पण पुस्तकाने ती मासिकातूनच उचलली होती, चुकीच्या सालासकट. पावडरीच्या कंपनीतला जुना माणूस फोनवर म्हणाला, "नटी कसली हो. खोके ज्या छापखान्यात छापायचे, तिथल्याच कुणी बाई होत्या. नाव काही लिहून ठेवलेलं नाही. मूळ फोटो आहे, पाठवतो."

मावशीची सगळी नोकरी त्याच छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात झाली होती. छापलेले ताव दुमडायचे, घडीवर हात दाबून फिरवायचा, पुढचा ताव घ्यायचा. लग्न केलं नाही. भावंडांची शिक्षणं त्या घड्यांवर झाली. तिच्याबद्दल कुणी काही सांगायला लागलं, की एवढंच सांगून संपायचं, मग आठवल्यासारखं म्हणायचं, "आणि हो, त्या खोक्यावरचे हात हिचेच बरं का."

रविवारी ती तो फोटो घेऊन गेली तेव्हा मावशीने हातांना खोबरेल लावलं होतं, नखं कापली होती.

"शूटिंगला न्यायचे असतील तर तयार असलेले बरे," मावशी म्हणाली. "शेजारीण म्हणाली, लिंबाची साल चोळ, उजळतात."

"आग होईल फक्त. आम्ल असतं त्यात."

"बघ, आता लिंबाचीही परीक्षा घे."

तिने मोठा फोटो टेबलावर ठेवला. खोक्यावर बोटभर दिसणारं चित्र इथे खऱ्या हातांएवढं होतं. मावशी कौतुकाने वाकली. तीही वाकली, आणि सवयीने आधी फोटोकडे, मग मावशीच्या हातांकडे, मग परत फोटोकडे पाहू लागली. कातडी सुरकुतते, पेरं जाड होतात, ते ठीक. पण फोटोतला अंगठा वरच्या पेरात मागे वळला होता, कमानीसारखा. मावशीचा अंगठा पट्टीसारखा सरळ होता.

"मावशी, अंगठा मागे वाकव बरं."

मावशीने वाकवला. तो वाकला नाही.

"आधी वाकायचा?"

"कधीच नाही. का गं?"

तिला एकदम खोटं बोलावंसं वाटलं. फोटो धूसर आहे, उजेड एका बाजूने आहे, काहीही. "काही नाही," ती म्हणाली. "नीट दिसत नाहीये यात."

"तू आणि काही नाही? आण तो चष्मा इकडे."

मावशीने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मग तिचं बोट त्या वळलेल्या अंगठ्यावर जाऊन थांबलं.

"ही तर चिमणी," ती म्हणाली.

"कोण चिमणी?"

"माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. एवढीशी होती, म्हणून चिमणी म्हणायचो. अंगठ्याने अशी घडी दाबायची, की आम्ही म्हणायचो, बाई, तुझा अंगठा उलटा बसवलाय. त्या दिवशी फोटोवाल्याने आम्हा दोघींचेही फोटो काढले होते. कुणाचा घेतला ते कोण सांगतंय? खोका बाजारात आला तोवर ती बाळंतपणात गेली होती. मी दुकानात बघितला आणि म्हटलं, हे माझेच हात." तिने चष्मा काढला. "आपले हात आपण कुठे एवढे निरखून बघतो?"

"मावशी, मी प्रश्न काढून टाकते. कुणाला कळणार नाही."

"काढतेस कशाला? विचार ना. उत्तर चिमणी."

"दोन साक्षी लागतात गं. तू एकटीच आहेस."

"तिचा एक फोटो नाही कुणाकडे," मावशी म्हणाली. "तिच्या आईने माझ्याकडे मागितला होता. आणि तेव्हा हा खोका माझ्या मोरीत होता."

सोमवारी ती मास्तरांना म्हणाली, "उत्तर आहे, पण एकच साक्ष." मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता कागद बाजूला ठेवला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मावशीकडे खुर्च्या पुरल्या नाहीत. शेवटची फेरी संपली, नावं वर सरकू लागली, तशी शेजारीण म्हणाली, "अहो, तुमचे हात कुठे गेले?"

दाराशी उभ्या भाचीने सावरून घ्यायला तोंड उघडलं, पण मावशीने हातानेच थांबवलं.

"माझे नव्हतेच ते," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं चुकीचं सांगत होते. माझ्याबरोबर एक मुलगी होती, तिचे आहेत."

"कोण मुलगी?"

मावशीने टीव्ही बंद केला आणि ती उभी राहिली. सदऱ्याचे खांदे चिमटीत धरावेत तसे तिने दोन्ही हात समोर उचलले. "अशी उभी होती. फोटोवाला म्हणाला, वर घे, तर टाचा उचलून उभी राहिली. आणि अंगठा असा..."

दुसऱ्या हाताने ती तो अंगठा मागे दाबत राहिली.