हात धुवायला पाणी

नळ कोरडा पडला की आपण सगळेच नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडतो. आमच्या वस्तीतही तेच चाले. "पंप बिघडलाय," असं पाणीखात्याचा लुंगिसानी सांगायचा आणि बायका बादल्या घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या. पंप ठणठणीत होता! टेकडीवरचा व्हॉल्व्ह लुंगिसानीच बंद करत होता. टँकरवाल्या झोंडीला नगरपालिका खेपेमागे पैसे देई आणि त्यातल्या हिश्श्यातूनच लुंगिसानीच्या घरी नवा फ्रीज आला होता.

"वरचे साहेब अख्खा बैल खातात," झोंडी त्याला म्हणाला होता, "तू एक हाड चघळलंस तर काय बिघडलं रे?" लुंगिसानीला ते लगेच पटलं.

एका दुपारी लुंगिसानीच्याच शेजारी राहणाऱ्या नोकवाझीच्या पत्र्याच्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह भडकला. माणसं नळाकडे धावली. नळातून नुसती हवा आली. नोकवाझी आत होरपळून मेली. तरीही लुंगिसानीनं व्हॉल्व्ह उघडला नाही. उघडला तर लोकांना कळेल, ही भीती!

शनिवारी तिला पुरून सगळे परतले. दफनाहून आलं की फाटकात हात धुवायचे, मगच आत जेवायला बसायचं, ही आमची रीत. फाटकात टब होता, पाणी नव्हतं. लुंगिसानीनं घरच्या पिंपातून बादली भरून आणली.

नोकवाझीची म्हातारी आई, जिला सगळी वस्ती गोगो, म्हणजे आजी, म्हणते, गहिवरली. "देव तुझं भलं करो, लेकरा. आधी तू धू."

त्याचा हात पाण्यात जाईना.

"गोगो, पंप बिघडला नव्हता. पाणी मीच बंद केलंय." आणि लगेच तो ओरडला, "पण मी एकटा नाही! वरपासून सगळेच खातात!"

"वरच्यांचं मला सांगू नकोस," गोगो म्हणाली. "टेकडीवर ते चढले होते की तू? माझ्या पोरीच्या वाट्याचं तू रोज खाल्लंस रे!" तिनं बादली लाथेनं उलथली. "जा, उघड आधी. तोवर इथं कुणी जेवणार नाही."

मयतीला घातलेल्या कपड्यांतच अख्खी वस्ती त्याच्यामागून टेकडी चढली. त्यानं व्हॉल्व्ह उघडला आणि तिथूनच पोलीस चौकी गाठून सगळं कबूल केलं. तो आज तुरुंगात आहे. झोंडी जामिनावर सुटलाय, त्याचे टँकर आता बायकोच्या नावावर फिरतात.

बंधूंनो, भगिनींनो, सरकारचं खाल्लं असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. खाल्लेलं शेजाऱ्याच्याच घरातून जातं. लुंगिसानीला हे कळलं, पण नोकवाझीला पुरून आल्यावर!