वन्संचं मागचं चाक

न विचारता केलेल्या उपकाराला काय म्हणावं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. अपकार म्हणवत नाही, कारण करणाऱ्याच्या मनात माया असते. उपकार म्हणवत नाही, कारण ज्याच्यावर तो होतो तो बिचारा गुडघा फोडून बसलेला असतो. आमच्या वन्संचा गुडघा असाच फुटला, आणि फोडणारा कोण, तर त्यांच्या पाठीवर जन्मलेला सख्खा भाऊ. म्हणजे माझाच नवरा.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. आमचं तसं नाही. आम्ही दोघी मिळून भोपळा, आणि विळा कोण ते वर सांगितलंच आहे. वन्संनी लग्न केलं नाही आणि कुणापुढे हात पसरला नाही. गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात अर्धं आयुष्य काजं केली, बटणं लावली. त्या कामानं दोन्ही हातांचे सांधे धरले. बोटं अशी गाठाळली की हँडलवर हात ठेवता येतो, पण आवळता येत नाही. सुई सुटली तेव्हा मालकीणबाईंनी त्यांना फेरीचं काम दिलं. दुरुस्त केलेले कपडे इस्पितळात, हॉटेलात, शाळांत पोचवायचे आणि फाटके घेऊन यायचे. हे सगळं सायकलवरून.

सायकलही कशी, तर दुकानात सगळ्यात कोपऱ्यात उभी असते तशी. गिअर नाही, रंगाची ऐट नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक जागच्या जागी थांबायचं. ब्रेक हातात नाही, पायात. पुढच्या चाकाला एक हाताचा ब्रेक होता, पण तो नावाला. वन्संनी सायकल घेतली ती एवढ्या एका गोष्टीसाठी. त्यांची बोटं थकली, पाय नव्हते थकले. देव एकाच्या हातात बळ ठेवतो, एकाच्या पायात. ते कुठं ठेवलंय हे बघून घेतलेली ती सायकल होती.

दुकानासमोरच एक उतार आहे. चांगला लांब, आणि खाली मोठा चौक. उतार उतरून लाल दिव्यापाशी थांबता आलं तर फेरी होते, नाही थांबता आलं तर काय होतं ते बोलायला नको.

तर एके दिवशी गटाराच्या उघड्या झाकणात मागचं चाक गेलं आणि डब्याचं झाकण दबावं तसं दबलं. तारा तुटल्या, रिम चिरली. वन्सं सायकल ढकलत घरी आल्या. मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, "सोमवारपर्यंत नीट करून घ्या. तोवर मी स्कूटरवाल्याकडून भागवते. पण सोमवारी मला कळायला हवं हं, फेरी तुमची की त्याची."

"सोमवारी येतेच," वन्सं म्हणाल्या.

हा झाला पूर्वरंग. आता आमच्या घरातल्या दानशूराचा उत्तररंग ऐका.

शनिवारी वन्सं दवाखान्यात गेल्या होत्या. तेवढ्यात आमचे हे आणि ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त, ज्याचं सायकलचं दुकान आहे, दोघं येऊन सायकल उचलून घेऊन गेले. संध्याकाळी परत आणली तेव्हा मला आधी वाटलं, दुसऱ्याचीच आणली. दोन्ही चाकं नवी कोरी, रिमा जाडजूड आणि रंग नारिंगी. असा नारिंगी की अंधारातही डोळे दिपावेत.

"पुढचं चाक तर धडधाकट होतं," मी म्हटलं. "त्यानं काय पाप केलं होतं?"

"जोडी आहे गं ती! एक जुनं, एक नवं बरं दिसेल का? वजन बघ, फुलासारखी आहेत. हाताचे ब्रेकही नवे बसवलेत, पुढं एक, मागं एक."

"वन्संना विचारलंत?"

"भेट काय विचारून देतात?"

मला त्या वेळी चाकातलं काही कळत नव्हतं. पण देणाऱ्यानं आधी घेणाऱ्याचं भांडं बघावं, एवढं कळत होतं. मी तोंड उघडणार तोच वन्सं फाटकात दिसल्या. भावाचा चेहरा बघून त्यांनाही भरून आलं. "छोट्या, अरे कशाला एवढं!" म्हणाल्या. ह्यांचं वजन नव्वदच्या पुढं, पण बहिणीसाठी हे अजून छोट्याच. त्या कौतुकानं सायकलवर बसल्या, गल्लीत चार पायडलं मारली, वळणापाशी सवयीनं पाय उलटा दाबला.

आणि पाय गरगर फिरला. पाण्यात मारावा तसा. चाकाला त्याचं काही सोयरसुतक नाही. सायकल तशीच पुढं, समोर कचऱ्याचे डबे. डबे पडले, वन्सं पडल्या, नारिंगी चाक हवेत फिरत राहिलं.

मी धावले. गुडघ्यातून रक्त येत होतं. वन्सं रडल्या नाहीत. उठून बसल्या आणि भावाकडे बघत म्हणाल्या, "छोट्या, माझा ब्रेक कुठाय?"

"अगं ताई, हातात आहे की! एक सोडून दोन दिलेत!"

"आणि ते दाबायला बोटं? ती पण बसवून आणलीस का?"

ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाही? नाही पडला. म्हणाले, "होईल सवय." मी गुडघा धुतला, पट्टी बांधली, तोवर हे आणखी एक पायरी चढले. "आणि नाही झाली सवय तर राहिलं. या वयात उन्हातान्हात फिरायची गरज काय? मी आहे ना. कुठं जायचं असेल तिथं सोडीन."

"तुम्ही सोडाल म्हणजे तुम्ही मोकळे असाल तेव्हा," मी म्हटलं. "आणि वन्संनी तोवर काय, खिडकीत बसून तुमच्या स्कूटरचा आवाज ओळखायचा?"

"तू मध्ये पडू नकोस गं."

पडणार नाही कशी? रात्रभर माझ्या डोक्यात तेच. स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई, आणि तुम्ही तिच्या पायातलंच काढून घेता, वर म्हणता, बघ किती फुलासारखं आहे!

रविवारी सकाळी आम्ही दोघी सायकल ढकलत त्या दोस्ताच्या दुकानात गेलो. छताला चाकं टांगलेली, भिंतीला टायर, रबर-तेलाचा वास, गिऱ्हाईकं बरीच. दोस्तानं हसून स्वागत केलं. "या ताई! आवडली ना चाकं? सगळा रस्ता बघत असेल!"

"रस्ता बघतोय, पण मी थांबत नाही," वन्सं म्हणाल्या. "मला पायाच्या ब्रेकचं चाक हवं. होतं तसं."

"पायब्रेक?" तो असा हसला की जणू त्यांनी दुधाची बाटली मागितली. "अहो ताई, ते लहान पोरांच्या सायकलला असतं. मोठं माणूस कोण वापरतं आता? जड, गंजकं, दिसायला गचाळ."

"मी दिसायला कुठं चाललेय? कपडे पोचवायला चाललेय."

"मग गिअरवाल्या सायकलचं देतो. हे बघा. जरा रुंद आहे, पण मागचे दोन दांडे थोडे फाकवले की बसतं."

"फाकवले म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे जोर लावून. लोखंड आहे, वाकतं."

"पायात बूट बसत नाही म्हणून पाय ठोकायचा का?" मी म्हटलं. मागून कुणीतरी हसलं. एका तरुण गिऱ्हाइकानं मधाळ आवाजात सल्ला दिला, "आजी, तीनचाकी घ्या ना. पडायची भीतीच नाही."

"तुझ्या आजीला घेऊन दे," वन्सं म्हणाल्या. "पण आधी तिला विचार."

दोस्त कंटाळला. नारिंगी चाक फिरवत म्हणाला, "ताई, तुम्ही उगाच मनात घेतलंय. ब्रेक किती हलका आहे बघा, लोण्यासारखा. एका बोटानं दाबला जातो. एवढंच करायचं." आणि त्यानं दाबून दाखवला.

वन्सं सायकलपाशी गेल्या, हँडलवर हात ठेवला आणि बोटं ब्रेकच्या दांडीवर नेली. बोटं अर्ध्यापर्यंत वळली आणि थांबली. त्या जोर लावत होत्या, ते मला त्यांच्या मानेवरून दिसत होतं. ब्रेक हलला नाही. त्यांनी दुसरा हात लावून बघितला. तोही तसाच. दुकानात मघाशी हसणारे आता टायर बघू लागले.

मला अजून संताप येतो तो ह्याचाच. बाई सांगते आहे, मला जमत नाही. तेवढं पुरेसं नाही. स्वतःचं दुखणं असं भर दुकानात मांडून दाखवायचं, तेव्हा कुठं चार लोकांचा विश्वास बसणार! देवळात देवापुढं सुद्धा माणूस आपलं दुखणं हळू आवाजात सांगतो.

"कालच बोलला असतात तर," दोस्त पुटपुटला.

"काल मला कुणी विचारलं होतं?" वन्सं म्हणाल्या.

मग त्यांनीच मान वर केली आणि छताला टांगलेल्या चाकांकडे एकेक करून बघू लागल्या. दोस्त मध्ये बोलायला गेला, मी हातानं थांबवलं. अगदी मागं, पंख्याच्या आड, एक राखाडी चाक होतं. भाड्यानं सायकली देणाऱ्या एका कंपनीनं मागवून नंतर न नेलेलं, असं तो म्हणाला. मधला भाग लठ्ठ, तारा जाड, आणि आसापाशी लोखंडाची एक वीतभर पट्टी लोंबत होती.

"ते काढा," वन्सं म्हणाल्या.

चाक खाली आलं. वन्संनी ते मांडीवर घेतलं, हळूच फिरवून बघितलं, तारांवरून तळहात फिरवला. सायकलच्या दांड्यांमध्ये धरून बघितलं. न फाकवता बसलं. "हीच पट्टी माझ्या जुन्या चाकाला होती," त्या म्हणाल्या. "ही सायकलच्या दांडीला घट्ट आवळायची. नाहीतर ब्रेक दाबला की पट्टीच फिरते. आवळा, माझ्यासमोर आवळा. आणि माझं पुढचं चाक कुठाय? ते चांगलं होतं."

पुढचं चाक मागच्या बाजूला भंगारात पडलं होतं. दोस्तानं ते निमूट आणलं. त्यानं वाईट काही केलं नव्हतं म्हणा, नेमकं हेच तर सगळ्यांच्या बाबतीत खरं होतं, आणि म्हणूनच कुणाला धड शिव्याही देता येत नव्हत्या.

सोमवारी सकाळी वन्सं सायकलवर आणि मी बाजूनं चालत, अशा आम्ही मालकीणबाईंच्या दुकानात पोचलो. कपाटाशेजारच्या टेबलावर फेरीचा गठ्ठा असतो. टेबल रिकामं होतं. मालकीणबाई आम्हाला बघून दचकल्याच.

"अहो, तुम्ही? तुमच्या भावाचा शनिवारी फोन आला होता. म्हणाले, ताई पडल्या, आता त्या काम बंद करणार. मी स्कूटरवाल्याला कायमचं सांगूनही टाकलं."

मी काय ऐकतेय ते मला क्षणभर कळेना. नोकरी हिची, वर्षं हिची, गुडघा हिचा, आणि राजीनामा भावाचा! त्याच शनिवारी रात्री जेवताना हे माझ्यासमोर बसले होते. एक अक्षर बोलले नाहीत.

वन्संचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा फोन मागितला. "छोट्या," त्या म्हणाल्या, "तू माझी नोकरी सोडलीस म्हणे. आता ये आणि परत मागून दे. इथं. माझ्यासमोर." आणि फोन माझ्या हातात ठेवला.

हे आले. दाराबाहेर स्कूटर लावून, घाम पुसत, दारातच उभे. मी ह्यांना इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

"बोल," वन्सं म्हणाल्या.

"बाई," ह्यांनी मालकीणबाईंकडे बघितलं, मग जमिनीकडे. "ताईनं काम सोडलेलं नाही. ती काही म्हणाली नव्हती. मीच... मला वाटलं, तिचं बरं होईल."

"वाटलं," वन्सं म्हणाल्या. "मी काय म्हणेन ते तुला माहीत होतं, म्हणून विचारलं नाहीस. बरोबर?"

ह्यांनी मान डोलावली. खरं कबूल केलं, एवढं म्हणेन.

मालकीणबाई व्यवहारी बाई. "ते सगळं ठीक आहे हो. पण तुम्ही पडलात हे तर खरं ना? खाली चौक आहे. उद्या काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"दारात या," वन्सं म्हणाल्या.

आम्ही तिघं दारात. वन्सं सायकलवर बसल्या आणि उतारावर सुटल्या. मी देवाचं नाव घेत होते. हे पायरीवरून खाली उतरले आणि तिथंच खिळले. राखाडी चाक गोल गोल, पाठ ताठ, हात हँडलवर नुसते ठेवलेले. खाली दिवा लाल झाला. एक टेम्पो थांबला. वन्संचा पाय मागं गेलेला आम्हाला वरून दिसला, आणि सायकल पांढऱ्या पट्टीच्या आत, टेम्पोच्या मागं, उभी राहिली. एक पाय जमिनीवर.

दिवा हिरवा झाला. त्या चौकात वळल्या आणि उतार चढत सायकल ढकलत परत आल्या. धापा टाकत. लंगडत. मला वाटलं हे धावत जाऊन सायकल हातातून घेतील. हे निघालेही होते, पण दोन पावलांवर थांबले आणि वाट बघत राहिले.

मालकीणबाईंनी आत जाऊन फोन लावला. स्कूटरवाल्याशी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण थोडं कडक होतं. मग मागच्या खोलीतून त्यांनी स्वतः गठ्ठा आणला. "इस्पितळाचा आहे. दुपारच्या आत पोचायला हवा."

"पोचेल."

गठ्ठा जड होता. वन्संनी तो कॅरिअरवर ठेवला आणि दोरी उचलली. दोरी आवळायची म्हणजे बोटं लागतात. एरवी हे काम दुकानातलं कुणीतरी करतं. तेवढ्यात आमचे हे पुढं सरकले, दोरीच्या टोकापाशी हात नेला आणि हात तसाच अधांतरी ठेवला.

"ताई," हे म्हणाले, "बांधू का?"

वन्संनी ह्यांच्याकडे बघितलं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"बांध," त्या म्हणाल्या. "चाकाला लागू देऊ नकोस."