शोनाग आत्याचं सामान

मित्रांनो, माझ्या पोटात आज कोंबड्या राहतात, म्हणून मला खुराडे समजू नका. मी एक जुनी, छोटी व्हॅन आहे. माझी चाके मातीत रुतली आहेत, दिवे फुटले आहेत आणि इंजिन तर कुणीतरी केव्हाच काढून नेले. पण एके काळी मी दर आठवड्याला समुद्र ओलांडत असे, आणि तेही कमी भाड्यात. त्या कमी भाड्याचीच ही गोष्ट आहे.

माझी पहिली वर्षे सुखाची होती. कारखान्यातून निघाले ती थेट एका पाववाल्याकडे गेले. तो मला लाडाने वागवायचा. फळ्या पुसल्याशिवाय पाव आत ठेवायचा नाही. मी कोपऱ्यावर वळले की बायका म्हणायच्या, "आली बघा, वास आला." पुढे पाववाला थकला, भट्टी थंड झाली आणि मला टॉर्मडने विकत घेतले.

टॉर्मड हेल्से बेटाचा. हे बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या समुद्रात आहे. तिथे झाड नाही की कारखाना नाही. दारापासून खिळ्यापर्यंत सगळे पलीकडच्या बंदरातून बोटीने आणावे लागते. टॉर्मड पलीकडून जुने पलंग, कपाटे, दारे, फरशा आणायचा आणि बेटावर विकायचा. बोटीचा नियम असा होता : गाडीत विकायचा माल असेल, तर व्यापारी दर. तो इतका चढा, की टॉर्मडची बरीचशी कमाई पाण्यातच जायची. पण गाडीत घरगुती सामान असेल आणि त्या सामानाचा धनी जातीने सोबत बसलेला असेल, तर साधा दर, कुठल्याही मोटारीला लागतो तेवढाच.

धनी कुठून आणायचा, याचा टॉर्मडने फार विचार केला नाही. त्याच्या घरात शेगडीपाशी शोनाग आत्या मोजे विणत बसलेली असायची. ती त्याच्या वडिलांची बहीण. लग्न केले नव्हते, मूलबाळ नव्हते. गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

मग एके दिवशी टॉर्मडने माझ्या दोन्ही कुशींत करवत घातली. खिडक्या पाडल्या, काचा बसवल्या आणि पुढच्या सीटमागे एक बाक बोल्टने आवळला. मालाची गाडी आता घरच्या गाडीसारखी दिसू लागली. मला फार दुखले. पण गाडीला कुणी विचारत नाही.

आत्यालाही विचारले नाहीच. आधी तिला बाकावर बसवले आणि मग सांगितले.

"मी खोटं बोलणार नाही, टॉर्मड. मी दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसते."

"खोटं कुठं आलं त्यात? इन्नेस विचारेल, सामान कुणाचं? तू म्हणायचं, माझं. संपलं. एवढंसं तर आहे."

"एवढंसं आहे तर तूच बोल."

"मी बोलून उपयोग नाही. मला सगळे ओळखतात."

आत्या हसली नाही. तिने काठी घेतली आणि उतरायला लागली. तेव्हा टॉर्मड माझ्या दाराला टेकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "नको बोलूस. पण तुझ्या डोक्याकडची दोरी कोण धरणार, तेही मग बघून ठेव."

मित्रांनो, आमच्या बेटावर शवपेटी खड्ड्यात दोऱ्यांनी उतरवतात. प्रत्येक दोरी एकेकाच्या हाती देतात. डोक्याकडची दोरी सर्वांत जवळच्या माणसाची. ती परक्याने धरली, तर बेट पिढ्यान् पिढ्या म्हणत राहते, की त्या माणसाला कुणी नव्हते. आत्याची मैत्रीण पेगी गेली, तेव्हा तिचा मुलगा कॅनडात होता आणि दोरी शाळेच्या मास्तरांनी धरली. अजूनही लोक तिला 'मास्तरांची पेगी' म्हणतात आणि हसतात. आत्याला मरणाची भीती नव्हती. तिला त्या हसण्याची भीती होती. आणि तिच्या रक्ताचा पुरुष बेटावर एकच उरला होता.

तिचा पाय पायरीवरच थांबला. तिथूनच ती म्हणाली, "शब्द देतोस?"

"तू तिकडे बोल, मी इकडे दोरी धरतो."

ती परत बाकावर बसली.

त्या दिवसापासून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. पलीकडच्या धक्क्यावर इन्नेस गाड्या तपासायचा. निळी टोपी, लाल नाक. तोही हेल्सेचाच. तो जवळ येताना दिसला, की आत्या डोक्यावरची काळी हॅट काढून मांडीवर उलटी ठेवायची. "ही चर्चची आहे. हिला यात ओढायला नको," असे एकदा तिने टॉर्मडला सांगितले होते.

"काय काकू, सामान कुणाचं?"

"माझं."

"पुन्हा पलंग? मागल्या खेपेला दोन होते, त्याच्या आधी तीन. झोपता किती जणी?"

"एकटीच झोपते. कूस बदलली, की पलंग बदलते."

इन्नेस पोट धरून हसायचा आणि साध्या दराचे तिकीट फाडायचा. मागच्या गाड्यांतले लोकही हसायचे. सगळ्या बेटाला सगळे ठाऊक होते. "शोनागचं सामान आलं का?" असे दुकानात विचारायचे. तिच्या नावाची गंमत झाली होती आणि तिच्या नावावर आलेली दारे बेटावर घरोघरी बसली होती. स्वस्त पडत होती ना.

आत्या उत्तर द्यायची ती हसवायला नाही. हसले, की माणसे पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हे तिला कळले होते. इन्नेस पुढे सरकला, की तिचे ओठ पुटपुटू लागायचे. ती देवाची माफी मागत असे. बेट दिसेपर्यंत मागत असे.

बोटीत गाड्या खालच्या मजल्यावर, माणसे वरती. वर जायला लोखंडी जिना होता. तो आत्याला चढता यायचा नाही. टॉर्मड वर जाऊन उबेला बसायचा, गरम सूप प्यायचा, पत्ते खेळायचा. आत्या खाली, माझ्यात. तिथे डिझेलचा वास, अंगाला चिकटणारी ओल आणि पाठीमागे दोरखंडाने बांधलेली कपाटे. लाट आली, की कपाटे तिच्या पाठीकडे सरकायची, दोर ताणला जायचा आणि पुन्हा ढिला व्हायचा. मी माझ्या स्प्रिंगांवर जेवढा तोल सावरता येईल तेवढा सावरत होते. ती माझ्या पत्र्यावर हात ठेवून बसायची. मला वाटायचे, ती मलाच धीर देते आहे.

एकदा तिने चहा मागितला. टॉर्मड म्हणाला, "चहा पिशील, मग तुला जायला लागेल, आणि मग तुला जिन्यावरून कोण चढवणार? मी?" त्यानंतर तिने मागितला नाही.

हिवाळ्यात तिची छाती वाजू लागली. बेटावर एक नवे हॉटेल होत होते आणि त्याच्या छताला लावायची जिप्समची बोर्डे आणण्याचे काम टॉर्मडने घेतले होते. शेजारची मर्डिना कुंपणाशी येऊन म्हणाली, "तिला नेऊ नकोस रे. रात्रभर खोकत होती. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं."

"पलीकडे हॉस्पिटल आहेच की. एका खेपेत दोन्ही कामं."

"मग आधी हॉस्पिटल कर."

"करतो ना," टॉर्मड म्हणाला आणि पलीकडे उतरल्यावर आधी वखारीत गेला.

तिथे बोर्डे चढवून होईपर्यंत आत्या बाकावर कलंडली होती. धक्क्यावर इन्नेस आला. तिने हॅट काढायला हात उचलला, पण तो वरपर्यंत गेला नाही.

"सामान कुणाचं, काकू?"

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. टॉर्मड मागे वळून म्हणाला, "आत्या, बोल ना. सांग त्याला." ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तेव्हा इन्नेसचे हसू गेले. "गाडी फिरव. हॉस्पिटलात ने आधी," तो म्हणाला.

हॉस्पिटलच्या दारात तिला स्ट्रेचरवर घेतले. तिने टॉर्मडची बाही धरली. "दोरी," ती म्हणाली.

"धरीन गं. सोड आता, सोड."

हे मी माझ्या कानांनी ऐकले. पुढच्याच आठवड्यात ती गेली.

बेटावर रीत अशी, की पेटी धक्क्यावर उतरली, की पुरुष दोन रांगांत उभे राहतात आणि आळीपाळीने खांदा देत चालत कबरस्तानापर्यंत नेतात. पेटी बेटापर्यंत आणायला टॉर्मडने मलाच काढले. शववाहिनीचा खर्च कशाला, गाडी आहे ना घरची. इथवर ठीक होते, मित्रांनो. मीही तिला आणायला आनंदाने गेले असते. पण हॉटेलची उरलेली बोर्डे अजून वखारीतच होती आणि टॉर्मडला अर्धी गाडी रिकामी आणणे जिवावर आले. त्याने आत्याचा बाक बोल्ट काढून वखारीत टाकून दिला. पेटी तळाशी सरकवली आणि वर फळ्या आडव्या टाकून त्यांवर बोर्डे रचली. ताडपत्री ओढली.

इन्नेसने ताडपत्रीचे टोक उचलले. खाली वाकून पाहिले आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"सामान कुणाचं, टॉर्मड?"

"आत्याचं."

"तिला विचारू?"

"इन्नेस, मयत घेऊन चाललोय मी. मयताला व्यापारी दर लावणार तू?"

"मयताला नाही. तिच्या छातीवर जे रचलंयस ना, त्याला."

टॉर्मडने व्यापारी दराचे पैसे भरले. वर जाऊन सूप प्यायला. त्या दिवशी समुद्र शांत होता. मी खाली तिच्यासोबत होते, पण माझ्या पत्र्यावर हात ठेवायला कुणी नव्हते.

हेल्सेच्या धक्क्यावर काळे कोट घातलेले पुरुष दोन रांगांत उभे होते. माझे मागचे दार उघडले आणि त्यांना पांढरी बोर्डे दिसली. चर्चचे वडीलधारे फिनले यांनी हातमोजे काढून खिशात घातले आणि पहिले बोर्ड उचलले. मग बाकीचे पुढे झाले. एकेक बोर्ड काढून त्यांनी ओल्या धक्क्यावर ठेवले, तेव्हा कुठे ती दिसली. त्यांनी तिला उचलले आणि चालू लागले.

बारीक पाऊस धरला होता. जिप्सम भिजले, की त्याचा लगदा होतो. टॉर्मड रस्त्याकडे बघे, बोर्डांकडे बघे. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," असे त्याने ओरडून सांगितले आणि एकटाच बोर्डे परत माझ्यात चढवू लागला. चढवताना एकदा थांबला, तोंडावर हात ठेवून उभा राहिला. पण पुन्हा वाकला.

मग त्याने मला जोरात पळवले. रस्ता एकेरी, आणि मयताला मागे टाकून गाडी नेत नाहीत, म्हणून आम्ही शेवटच्या वळणापासून रांगेच्या मागे मागे सरकत गेलो. कबरस्तानाच्या भिंतीशी त्याने मला उभे केले आणि तो धावला. मला तिथून सगळे दिसत होते. पेटी खड्ड्याच्या तोंडाशी होती. दोऱ्या वाटून झाल्या होत्या. डोक्याकडची अजून फिनलेंच्याच हातात होती.

टॉर्मडने हात पुढे केला. कोपरापर्यंत पांढरा.

"ही घरच्या माणसाची असते," फिनले म्हणाले.

"मी घरचाच आहे. द्या."

"घरचा माणूस साध्या दरात येतो. तू व्यापारी दराने आलायस. इन्नेसचा फोन आला होता."

रांगेत कुणीतरी नाकातून हसले.

"फिनले, मी तिला शब्द दिलाय. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी द्या. ती दुसरं काहीच मागत नव्हती."

"मग आधी आठवायचं होतं."

फिनलेंनी दोरी स्वतःच्या मनगटाला गुंडाळली आणि बाकीच्यांना मान हलवून खूण केली. पेटी खाली गेली. टॉर्मड हात तसाच पुढे धरून उभा होता. त्याच्यावर दया करावी, असा तो माणूस नव्हता. पण त्या क्षणी तो खरे बोलत होता आणि ते कुणालाच नको होते.

घरी जाताना लोक म्हणत होते, की बरी अद्दल घडली. महिनाभरात टॉर्मड पुन्हा हसूबोलू लागला, नवी गाडी घेतली, मला शेतात सोडून दिले. आत्याला मात्र बेट आजही 'फिनलेंची शोनाग' म्हणते.

म्हणून, मित्रांनो, या मोडक्या गाडीचे एवढे ऐका. तुमच्या घरातल्या एखाद्या थकल्या माणसाकडून कुणी नको ते करवून घेत असेल आणि तुम्हाला त्याची गंमत वाटत असेल, तर हसणे आवरा आणि त्या माणसाजवळ जाऊन बसा. आणि कधी कुणाला शिक्षा देण्याची वेळ तुमच्यावर आली, तर हात उचलण्यापूर्वी नीट बघून घ्या, की ती नेमकी कुणाच्या अंगावर पडणार आहे. हेल्सेच्या भल्या माणसांनी ते बघितले नाही.