सहाव्या अंकातले हात

“पंजा पालथा ठेवा. बोटं जरा फाकवा. आता हलवू नका हं.”

मनुक्यांच्या शेडवरून पडून मनगट सुजलेला तासगावचा एक माणूस समोर बसला होता. नूरीन काचेआड गेली, तिने बटण दाबलं, आणि त्याच वेळी एप्रनच्या खिशातला फोन थरथरला. पडद्यावर पंजाची हाडं उमटली. मनगटातलं एक चिरलं होतं. पेशंटला बाहेर बसवून तिने फोन घेतला.

“नूरीन, ते परीक्षण काढून टाकूया गं,” पलीकडून सयाजी म्हणाला.

सयाजी सांगलीतून इंटरनेटवर एक साप्ताहिक चालवायचा. राजकारण, ऊस, नाटक असं सगळं त्यात असे, आणि दर शुक्रवारी नूरीन मुजावरचं ‘नवा अंक’ हे सदर. सुपरहिरोंची आणि विज्ञानकथांची जी नवी कॉमिक्स येत, त्यांची परीक्षणं ती सहा वर्षं लिहीत होती. मिरजेच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी बाई हे लिहिते, याची लोकांना गंमत वाटे. तिला त्यात गंमत वाटत नसे. तिच्या बापाचं, इमामचं, रद्दीचं दुकान होतं. गठ्ठ्यांतून येणारी कॉमिक्स तो पोरीसाठी बाजूला काढून ठेवायचा आणि पोरगी त्यांच्यावरच वाचायला शिकली. ‘किरण अंगावर पडले की माणूस उडायला लागतो, असं लिहिणाऱ्याने एकदा माझ्या खोलीत येऊन बघावं,’ असं तिने एकदा लिहिलं होतं. ते वाक्य वाचक अजून आठवून सांगत. पण नुसती खिल्ली ती उडवत नसे. कथा कुठे लंगडली, कुठली चौकट जमली, गावच्या म्हातारीच्या तोंडी पुस्तकी भाषा कशाला घातली, हे ती पानाच्या नंबरासकट सांगायची.

“काय चुकलं त्यात?” तिने विचारलं.

“चुकलं न्हाई गं. प्रकाशकाच्या वकिलाचा फोन आलता. चित्रं एआयनं काढलीत असं तू लिवलंयस. पुरावा काय, म्हणतोय.”

“हात.”

‘गगनधर’ ही तिची लाडकी मालिका. त्याला कारण मालिकेचा चित्रकार, पाटणचा ज्योतिबा सुतार. त्याने काढलेले हात ती भिंग घेऊन बघायची. दोर ओढणाऱ्या बाईच्या पंजावर फुगलेल्या शिरा त्यात असत. आभाळातून उडणाऱ्या नायकाचीही नखं मळकी असत. सहाव्या अंकात मात्र अकराव्या पानावर नायक धरणाच्या भिंतीला टेकला होता आणि त्या हाताला अंगठा सोडून पाच बोटं होती. चौदाव्या पानावर तर कोपरातूनच पंजा फुटला होता. मुखपृष्ठावर मात्र नाव तेच छापलेलं. तिने लिहिलं होतं, ‘ही चित्रं ज्योतिबा सुतार यांची नाहीत. ती त्यांच्या नावावर खपवली आहेत.’

“एवढंच कर,” सयाजी म्हणाला. “‘असं वाटतं’ म्हणून टाक शेवटाला. भागलं.”

“मला वाटत नाही सयाजीराव. मला दिसतंय. रोज माणसाची हाडं बघते मी.”

“मग मला काढायला लागंल. सदरबी थांबवायला लागंल.”

“थांबवा. पण नूरीननं स्वतःहून बंद केलं, असं कुणाला सांगायचं नाही. तुम्ही बंद केलं म्हणून सांगा.”

तिने फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. हाक जरा मोठ्यानेच निघाली.

रविवारी साताऱ्यात ग्रंथप्रदर्शन होतं. सहाव्या अंकाचा तिथे कार्यक्रम होता आणि चित्रकार सह्या देणार होता. नूरीनने सुट्टी टाकली, सकाळची एसटी धरली आणि अंक पिशवीत घेऊन मांडवात पोचली.

ज्योतिबा साठीचा, हडकुळा माणूस होता. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून टेबलामागे बसला होता. रांगेत तिचा नंबर आला.

“नाव काय लिवू?”

“नूरीन मुजावर. मिरज.”

पेन थांबलं. “तुमीच व्हय त्या? तुमचं समदं वाचतो मी ताई.”

“सहाव्या अंकाचं वाचलं?”

त्याने होकारार्थी मान हलवली. शेजारी प्रकाशक कुणाशी तरी हसून बोलत होता. ज्योतिबाने आवाज खाली आणला.

“माझ्या पाच अंकांची पानं त्यांनी त्या मशीनला शिकवायला घातली. म्हणाले, आता तुमी कशाला डोळं फोडून घेताय, नाव तुमचंच ऱ्हाईल. पस्तीस वर्सं दुकानांचं बोर्ड रंगवलं ताई. दुसऱ्यांची नावं काढली. आपलं नाव छापल्यालं पयल्यांदा ह्या पुस्तकावर बघितलं. म्हणून गप बसलो.”

नूरीन त्याच्याकडे बघत राहिली. आपण या माणसाच्या बाजूने भांडतोय, असं ती येताना वाटभर मनाशी घोकत आली होती. चार लोकांसमोर विचारायचा प्रश्नही तिने तयार ठेवला होता. आता तो प्रश्न विचारला, तर आधी याचंच नाव जाणार होतं.

“मी विचारणार होते सगळ्यांसमोर,” ती म्हणाली. “तुम्ही नको म्हणालात तर नाही विचारत. लिहिलंय ते मात्र मागे घेणार नाही.”

ज्योतिबाने सही न करताच अंक तिच्याकडे सरकवला.

“इचारा,” तो म्हणाला. “पर मला इचारा. त्यास्नी नगं.”

प्रकाशकाचं भाषण झालं. मराठी नायक, मराठी मातीतली चित्रं, असं बरंच काही तो बोलला. मग प्रश्न आहेत का, असं विचारलं गेलं. नूरीन उठली.

“आपण कुठल्या वर्तमानपत्राच्या, मॅडम?” प्रकाशकाने विचारलं.

“कुठल्याच नाही. मी एक्स-रे काढते.”

मांडवात हशा पिकला. ती तशीच उभी राहिली. हशा पुरता संपू दिला आणि मग म्हणाली, “प्रश्न चित्रकारांना आहे. पान अकरा उघडा. त्या हाताची बोटं मोजा. काका, हा हात तुम्ही काढलाय का?”

पानं उलटल्याचा आवाज झाला. पुढच्या रांगेतली एक बाई बोट ठेवून मोजू लागली. “मॅडम, हल्ली जगभर तंत्रज्ञानाची मदत घेतली जाते,” प्रकाशक घाईघाईने म्हणाला, “आणि ज्योतिबाजींचं मार्गदर्शन तर…”

“न्हाई,” ज्योतिबा म्हणाला.

तो उभा राहिला होता. त्याच्यासमोर माईक नव्हता, पण बोर्ड रंगवताना शिडीवरून खाली हाका मारायची सवय असलेला तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“म्या काढला न्हाई. पयलं पाच अंक माझं. त्यातला एकेक हात माझा. ह्यो अंक माझा न्हवं. माझं नाव बघून कुणी घेतला आसंल तर मी माफी मागतो.”

त्याने पेनला टोपण लावलं, ते खिशाला अडकवलं आणि टेबलामागून बाहेर आला. रांगेतल्या एका माणसाने तरीही अंक पुढे केला. “ह्येच्यावर न्हाई करत सही,” ज्योतिबा त्याला म्हणाला, “पाचवा घेऊन या.”

पुढच्या आठवड्यात नूरीनला वकिलाची नोटीस आली. तिने उत्तरासोबत अकराव्या पानाची झेरॉक्स जोडली. पुन्हा काही आलं नाही. सयाजीच्या साप्ताहिकात शुक्रवारी त्या जागी पाककृती येऊ लागल्या. नूरीन आता इंटरनेटवर स्वतःच्या पानावर लिहिते. वाचणारे पूर्वीच्या पावपटही नाहीत. प्रकाशकांकडून घरपोच येणारे अंक बंद झाले.

सातवा अंक तिने मिरज स्टेशनच्या स्टॉलवर विकत घेतला. उभ्या उभ्याच मुखपृष्ठ बघितलं, आतलं पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं आणि पाटणला फोन लावला.

“काका, सातवा आलाय.”

“नाव?”

“नाही. कुठंच नाही.”

पलीकडे कुणीतरी बादली सरकवत होतं. ज्योतिबा शाळेची भिंत रंगवत होता.

“बेस झालं,” तो म्हणाला. “लिवा आता. आन् चांगला आसंल तर चांगला म्हणून लिवा.”

बाकावर बसून तिने पर्समधून पेन्सिल काढली. कोल्हापूरची गाडी लागली, माणसं चढली, उतरली, गाडी सुटली. ती तिसऱ्या पानावर होती.